वाढदिवस, बाजार आणि आकाश

२३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशानजीक उतरले, तेव्हा मोठ्यांच्या बरोबरीने शाळकरी मुलेही श्वास रोखून पडद्यासमोर बसली होती. मुलांच्या मनातील हे कुतूहल बाजाराच्या नजरेतून निसटणे शक्यच नव्हते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वाढदिवसासाठी समारंभ-आयोजक जे ठरावीक ‘विषय’ पालकांपुढे ठेवतात, त्यांत अंतराळालाही स्थान असते. काळ्या-निळ्या पडद्यावर चमचमते तारे, अग्निबाणाच्या आकाराचा केक, रुपेरी पोशाखातील उत्सवमूर्ती आणि निघताना प्रत्येक बालपाहुण्याच्या हाती ग्रहगोलांची चित्रे छापलेली भेटवस्तूंची पिशवी, असा हा थाट असतो. दोन-अडीच तासांनी पडदा उतरवला जातो आणि त्याबरोबर अंतराळही संपते.

या खर्चाला पालकांची उधळपट्टी ठरवून नाके मुरडणे सोपे आहे. पण ते निदान अपुरे आहे. अनेक वस्तू उपयोगासाठी नव्हे, तर समाजातील आपले स्थान दाखविण्यासाठी विकत घेतल्या जातात, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ सालीच दाखवून दिले होते. वाढदिवसाच्या बाबतीत या हौसेला सक्तीचीही जोड मिळते. पूर्वी लग्नघरी आहेराची वही ठेवली जाई आणि तिच्या आधारे पुढे परतफेड होई. तशीच एक अदृश्य वही आज गृहसंकुलांतून आणि शाळेच्या वर्गांतून उघडलेली आहे. एका घरचा समारंभ पुढच्या घरासाठी किमान पायरी ठरतो. खर्च सर्वांचा वाढतो. स्थान मात्र कोणाचेच उंचावत नाही.

या वहीची खरी झळ लागते ती मुलांना. ‘आपल्या घरी असे काही होणार नाही’ हे उमगलेले सात-आठ वर्षांचे मूल आमंत्रणपत्रिका दप्तरातच दडवून ठेवते आणि त्या दिवशी पोट दुखण्याचे निमित्त सांगून घरी राहते. पाढे पुरते पाठ होण्याआधी त्याला आईवडिलांच्या ऐपतीचा हिशेब येऊ लागतो. ही किंमत कोणत्याही आयोजकाच्या बिलात नोंदलेली नसते.

वास्तविक वाढदिवसाला अंतराळाइतका समर्पक विषय दुसरा नाही. कारण वाढदिवस ही मुळातच आकाशातील घटना आहे. तारखेने येणारा वाढदिवस म्हणजे पृथ्वीची सूर्याभोवतीची आणखी एक फेरी. या एका फेरीत पृथ्वी सुमारे ९४ कोटी किलोमीटर अंतर कापते. सात वर्षे पूर्ण केलेल्या मुलाने असे सात प्रवास घरबसल्या केलेले असतात. आजी तिथीने औक्षण करते, तेही आकाशाच्याच हिशेबाने. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते.

हे ध्यानात घेतले, तर समारंभाची आखणी निराळी होईल. १४ सेंटिमीटर व्यासाचे पिवळे कागदी वर्तुळ हा सूर्य मानला, तर पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी ठरते आणि ती १५ मीटर अंतरावर ठेवावी लागते. तिच्यापासून चार सेंटिमीटरांच्या आत चंद्र, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. माणूस स्वतः जाऊन आला आहे तो एवढ्याच अंतरावर! गुरू म्हणजे खेळण्यातली गोटी, ७८ मीटरवर. आणि मसुराच्या दाण्याएवढा नेपच्यून थेट ४५० मीटरवर, बहुधा गल्लीच्या पलीकडच्या टोकाला. हे अंतर पायांनी मोजलेल्या मुलाला अंतराळ म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही. ताणलेल्या दोऱ्यात कागदी नळी ओवावी, तिला फुगवलेला फुगा चिकटवावा आणि त्याचे तोंड सोडावे. ज्या तत्त्वावर अग्निबाण झेपावतो, त्याच तत्त्वावर तो फुगा धावतो. अंधार पडल्यावर गच्चीत एखादी साधी दुर्बीणही पुरे. चंद्र पाहायला पौर्णिमेपेक्षा शुद्ध अष्टमी बरी. त्या वेळी प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या सावल्या ठळक दिसतात. वाढदिवस ऐन पावसाळ्यात असेल, तर एवढे आकाशदर्शन कार्तिकातील अष्टमीपर्यंत खुशाल लांबवावे.

नोकरी करणाऱ्या आईवडिलांना यासाठी वेळ कोठून मिळणार, असा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्त आहे. तयार समारंभ विकत घेतला जातो, तो पुष्कळदा पैसा अधिक आहे म्हणून नव्हे, तर वेळ कमी आहे म्हणून. परंतु ज्या गोष्टीची टंचाई, तिचेच मोल अधिक, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक धडा आहे. आईवडिलांनी आपल्यासाठी काढलेला वेळ मुलांच्या लेखी केकहून मोठा असतो. शिवाय मोहरी, गोटी आणि पिवळा कागद यांची परतफेड कोणत्याही घराला जड जात नाही. तसे झाले, तर आमंत्रण दप्तरात दडवून ठेवण्याचे कारण कोणा मुलाला उरणार नाही.