डिंभे परिसरात उन्हाळी भटकंती: दहाच्या आत सावली गाठा, पाणी घरूनच न्या

घोडेगाव : शाळांना सुट्या लागल्या की मंचर-घोडेगाव-भीमाशंकर रस्त्यावर गाड्या वाढतात. मुंबई-पुण्याची मंडळी गावी आलेली असतात आणि पोरांना एक दिवस तरी डोंगरावर न्यायचेच असते. डिंभे धरण, पोखरी घाट, आहुपे, भीमाशंकर, पलीकडे जुन्नरला शिवनेरी आणि नाणेघाट, ठिकाणांना तोटा नाही. फक्त श्रावणात पाहिलेला डोंगर आणि मे महिन्यातला डोंगर एक नाही, एवढे ध्यानात ठेवूनच निघावे लागते.

पावसाळ्यात या पट्ट्यात धो धो पाऊस पडतो. पण उतार तीव्र, माती पातळ आणि खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, वाहून जाते. डिंभ्याच्या हुतात्मा बाबू गेनू सागराची क्षमता साडेतेरा टीएमसीच्या आसपास, कुकडी प्रकल्पातले हे सर्वांत मोठे धरण. मात्र ते पाणी कालव्यांनी खालच्या बागायती भागाकडे जाते आणि धरणाच्या वर डोंगरात असलेल्या वाड्यांना उन्हाळ्यात झऱ्यावर, विहिरीवर वाटीवाटीने हंडा भरावा लागतो. एरवी पायवाटेशेजारी खळाळणारे ओढे तेव्हा कोरडे ठणठणीत असतात.

म्हणून "वर कुठंतरी पाणी मिळेल" या भरवशावर जाणे चुकीचे. अर्ध्या दिवसाच्या चालण्याला माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्यावे. तहान भागवण्यापुरते पाणी वाडीत कोणी नाकारत नाही, पण वीस जणांच्या बाटल्या भरून घेणे किंवा झऱ्यावर हातपाय धुणे म्हणजे एखाद्या घरचा दिवसभराचा हंडा संपवणे.

वेळेचे गणितही जमवावे लागते. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनच्या उष्ण दरीत उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ चालू नका, असा सल्ला तिथले राष्ट्रीय उद्यान देते. आपल्याकडेही हाच हिशेब चालतो. हवा दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत तापते आणि सकाळपासून उन्हात भाजलेला कातळ खालूनही चटके देतो. बरेच जण सकाळी चढतात, वर रेंगाळतात आणि भर दुपारी उघड्या वाटेने उतरतात. त्रास बहुधा उतरतानाच होतो.

मग पहाटे चारलाच निघायचे का? तर नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा बिबट्यांचा पट्टा. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्या रुळला. अंधारात उसाच्या कडेने पायी जाणे, लहान मुलांना पुढे-मागे सोडणे धोक्याचे. नीट उजाडल्यावर सहा-सव्वासहाला चालायला लागावे आणि दहाच्या आत सावलीत यावे. दिवस मोठा असल्याने हे चार तास पुरतात.

सावलीच्या दृष्टीने भीमाशंकरचे रान सर्वांत बरे. १९८५ मध्ये जाहीर झालेले हे अभयारण्य सुमारे हजार मीटर उंचीवर असून सदाहरित झाडीत उन्हाची तिरीप कमीच पोचते. शेकरू दिसण्याची संधीही पानगळीच्या रानापेक्षा इथे जास्त. आहुप्याची देवराई गार, पण तिथला कडा पूर्ण उघडा. तो सकाळीच पाहून घ्यावा. शिवनेरीला पायऱ्यांची वाट आहे, तरी उन्ह चढायच्या आत वर पोचलेले बरे. नाणेघाटाला घाटघरच्या बाजूने गाडी जवळपर्यंत जाते आणि कातळातली गुहा दुपारीही थंड असते. कोकणातून वैशाखऱ्याकडून चढायची हौस मात्र थंडीसाठी राखून ठेवावी. घाटात पाण्याची जी खोदीव टाकी दिसतात, त्यांना जुन्या कोरीव लेखांत 'पोढी' म्हटले आहे. वाटसरूला इथे पाणी लागते, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही ठाऊक होते.

धरणाचे पाणी ओसरले की बुडालेल्या जुन्या आंबेगावचे अवशेष उघडे पडतात आणि ते पाहायला गर्दी होते. हे जरूर पाहावे, पण लांबून किंवा माहीतगार माणसाबरोबर. पाणी हटलेल्या जागी वरचा गाळ वाळून भेगाळतो, खाली तो ओलाच असतो आणि पाय मांडीपर्यंत रुतू शकतो. पोहायला उतरू नये. तळ कुठे एकदम खोल जातो, ते वरून कळत नाही.

मे महिन्यात रानात करवंदे पिकतात, जांभळे येतात. हिरडा गोळा करणारी कुटुंबेही याच काळात झाडाखाली असतात. हिरडा ही इथल्या आदिवासी घरांची वर्षाची रोकड आहे. वाळत घातलेल्या हिरड्यावरून चालू नये, गाडी तर अजिबात घालू नये. विडी-सिगारेट, चूल, शेकोटी पूर्ण टाळावी. वाळल्या गवताला लागलेला वणवा वाऱ्याबरोबर डोंगर चढतो आणि हिरड्याची झाडेही होरपळवतो. धुराने किंवा उग्र अत्तराने आग्या मोहोळ उठते. शिवनेरीवर पर्यटकांना याचा अनुभव आलेला आहे. वणवा दिसला किंवा बिबट्याची अडचण आली तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

उन्हाचा त्रास अचानक वाटला तरी अगोदर खुणा देतो. डोके ठणकणे, मळमळ, पायात गोळे. तिथेच थांबून सावलीत बसावे, मीठ-साखरेचे पाणी, ताक किंवा पन्हे घोट घोट घ्यावे आणि त्या दिवसाचा डोंगर सोडून द्यावा. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून भट्टी झाली, तर तो उष्माघात समजावा. कपडे सैल करून मान, काख आणि जांघेत ओली फडकी ठेवावीत, वारा घालावा, १०८ ला फोन लावावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये. डोंगरात सगळीकडे रेंज मिळत नाही, म्हणून कुठल्या वाटेने जातो आणि कधी परततो, हे खाली गावात कोणाला तरी सांगून ठेवावे.

मे अखेरीस आणखी एक गोष्ट लागते, ती वळवाची. दुपारनंतर ढग दाटले, गडगडाट ऐकू आला की कडा, बुरूज आणि एकटे झाड सोडून खाली यावे. तेवढ्यासाठीही सकाळची वेळच सोयीची.