नेऱ्यातलं मांजर फ्लॅटमध्ये येतं तेव्हा

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की वाटेत नेरे लागतं. गाढी नदीच्या बाजूचं हे गाव आता निम्मं कौलारू, निम्मं टॉवरचं झालं आहे. कौलारू घरात मांजर मुद्दाम पाळावं लागत नसे. सुगीनंतर कणग्यांभोवती उंदीर मुबलक, झोपायला माळा, नखं घासायला आंब्याचं खोड आणि शी-शूला परसातली भुसभुशीत माती. त्याचं ते बघून घ्यायचं.

आता पार्किंगमध्ये सापडलेलं त्याच वंशातलं पिल्लू कुणीतरी सातव्या मजल्यावर नेतं. आठवड्याभरात तक्रारी सुरू होतात: सोफा ओरबाडला, गादीवर शू केली, रात्री दोन वाजता पडद्यावर चढलं. मग निकाल लागतो, ‘भटकं ते भटकंच!’ पण हे मांजर बिघडलेलं नसतं. परसात जे त्याला आपसूक मिळत होतं, ते फ्लॅटमध्ये आपल्याला पुरवावं लागतं, आणि तिथेच आपण गैरसमजांवर विसंबतो.

गैरसमज: कुत्रा शिकतो, मांजर शिकत नाही.
वस्तुस्थिती: बक्षिसामुळे प्राणी कसे शिकतात, याचा पायाभूत प्रयोग मांजरांवरच झाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ मध्ये भुकेल्या मांजरांना कडीच्या खोक्यांत ठेवलं. दोरी ओढली किंवा कडी दाबली की दार उघडे आणि बाहेर खाऊ मिळे. दर खेपेला सुटायला लागणारा वेळ कमी होत गेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या निवारा केंद्रातल्या १०० मांजरांना पाच-पाच मिनिटांच्या शिकवणीत काठीला नाक लावणं, बसणं, गोल फिरणं, पंजा देणं शिकवलं गेलं.

घरी हेच करायला बॉलपेन पुरतं. हवी ती गोष्ट मांजराने केली की पेनाचा ‘टक’ आवाज करायचा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्यायचा. नावाने हाक मारली की येणं, ओट्यावरून खाली उतरणं, पिंजऱ्यात शिरणं अशा कामाच्या गोष्टींपासून सुरुवात करावी. पोट भरलेलं असताना शिकवणी लागू पडत नाही.

गैरसमज: शू केलेल्या जागी नाक घासलं की पुन्हा करणार नाही.
वस्तुस्थिती: घडून गेलेल्या गोष्टीचा आणि या शिक्षेचा संबंध मांजर जोडत नाही. ते फक्त तुम्हाला घाबरायला लागतं आणि पुढच्या वेळी कपाटामागे जातं. आधी लिटर ट्रे तपासा. तो रोज साफ होतो का? धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारी ठेवला आहे का? वाळू सुगंधी आहे का? बारीक, बिनवासाची वाळू सगळ्यांत सोयीची. ट्रे किती हवेत याचा साधा हिशेब म्हणजे मांजरांची संख्या अधिक एक.

डाग काढायला फिनेल मात्र नको. मांजराचं यकृत फिनॉलसारखी द्रव्यं नीट मोडू शकत नाही. ओल्या लादीवरून चालून पंजे चाटले तरी विषबाधा होऊ शकते. पॅरासिटामॉलही याच कारणाने घातक आहे. ताप वाटतो म्हणून दिलेली अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. डागांसाठी एंझाइमयुक्त क्लीनर वापरावा.

आणि बोका सारखा ट्रेमध्ये बसून कुंथत असेल, पण लघवी होत नसेल, तर ती खोड नव्हे. मूत्रमार्ग अडल्याची ती खूण असते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

गैरसमज: फर्निचर ओरबाडणं ही वाईट सवय आहे.
वस्तुस्थिती: ती गरज आहे. ओरबाडताना नखांवरची जुनी टरफलं निघतात, अंग ताणलं जातं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास मागे राहतो. मांजर पूर्ण उभं ताणलं जाईल इतक्या उंचीचा, न डगमगणारा खांब काथ्या गुंडाळून सोफ्याच्या अगदी शेजारी ठेवा. तो वापरला की खाऊ द्या. सवय जडल्यावर खांब हळूहळू हवा तिकडे सरकवता येतो.

गैरसमज: घरात आणून सोडलं की आपोआप रुळतं.
वस्तुस्थिती: घरी आणण्यापूर्वी पशुवैद्याकडे जंत, पिसवा आणि लसीकरणाचं बघून घ्यावं. मांजराकडूनही रेबीज होऊ शकतो. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखान्यात जावं. घरात आल्यावर सुरुवातीचे काही दिवस एकच लहान खोली, लपायला खोकं, अन्न एका टोकाला आणि ट्रे दुसऱ्या टोकाला अशी व्यवस्था ठेवावी. ते आपणहून जवळ येईपर्यंत उचलू नये.

माणसाची ओळख पटण्याचा मुख्य काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातला असतो. त्या वयात माणूस न पाहिलेलं मोठं मांजर फ्लॅटमध्ये कधीच सुखी होत नाही, असंही घडतं. त्याची नसबंदी करून त्याच्या जागीच खाणं देणं अधिक दयाळूपणाचं. शेपटी उभी करून पायाला अंग घासणारं मांजर मात्र घराला तयार असतं. रात्रीचा धिंगाणा थांबवायचा तर झोपण्याआधी दोरीला बांधलेल्या पिसामागे त्याला दमेपर्यंत पळवा आणि मग जेवण द्या.

गैरसमज: दूधभात दिला की झालं.
वस्तुस्थिती: आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. मांस-मासळीतून मिळणारं टॉरिन कमी पडलं तर हृदयाचे स्नायू निकामी होतात, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. कुत्र्याचं खाद्यही म्हणूनच चालत नाही.

गैरसमज: भाटीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत.
वस्तुस्थिती: त्याने तिच्या तब्येतीला काही फायदा होत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यातच ती माजावर येऊ शकते. गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांचं भिंतीवर फवारा मारणंही थांबतं.

गैरसमज: घरात गर्भवती असेल तर मांजर घालवावंच लागतं.
वस्तुस्थिती: भीती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते. पण संसर्ग झालेलं मांजर त्याची बीजं सहसा एकदाच, एक ते तीन आठवडे विष्ठेतून टाकतं, आणि ती संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज, दुसऱ्या कुणीतरी साफ करावा. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांपासून धोका अधिक.

गैरसमज: मांजर पायांवरच पडतं, त्याला काही होत नाही.
वस्तुस्थिती: न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी १९८७ मध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, पण छाती, जबडा आणि पायांच्या दुखापतींसह. जागीच मेलेली मांजरं दवाखान्यात येतच नाहीत, हेही लक्षात घ्यावं. खिडकी-गॅलरीला जाळी आधी, मांजर नंतर.

गैरसमज: नाहीच जमलं तर पोत्यात घालून माथेरानच्या डोंगराकडे सोडून यावं.
वस्तुस्थिती: उपासमार होईल अशा अवस्थेत प्राणी टाकून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. शिवाय अनोळखी रानात, दुसऱ्या बोक्यांच्या हद्दीत घरचं मांजर फार टिकत नाही. जमत नसेल तर नसबंदी आणि लसी करून, त्याचे कागद हातात देऊन दुसरं घर शोधावं. पण त्याआधी ट्रेची जागा बदलून, खांब उभारून, रोज दहा मिनिटं खेळून महिनाभर पाहावं. बहुतेक तक्रारी तेवढ्यात मिटतात.