चरबीलाही रक्त लागतं

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीपाशी पोहोचला की घामानं भिजलेला सदरा दाखवत कोणीतरी म्हणतंच, ‘‘चरबी वितळून राह्यली ना भाऊ!’’ घाम म्हणजे पाणी आणि मीठ. उन्हात रुंदावतात त्या कातडीतल्या रक्तवाहिन्या, अंगातली उष्णता बाहेर टाकायला. चरबी वितळत नाही. तिच्या पेशींतून स्निग्धाम्लं सुटतात, रक्तातून स्नायूंपर्यंत जातात आणि तिथं जळतात. १० किलो चरबी पूर्ण जळली, तर तिच्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि उरलेल्याचं पाणी होतं.

म्हणजे सगळी वाहतूक रक्ताची. तरीही चरबी ही कणगीत भरून ठेवलेल्या ज्वारीसारखी निपचित पडलेली असते, हा समज काही जात नाही. प्रत्यक्षात चरबीच्या जवळपास प्रत्येक पेशीला केशवाहिनी भिडलेली असते. कोपनहेगनच्या संशोधकांनी १९६६ मध्ये किरणोत्सारी झेनॉन वायू वापरून हा प्रवाह माणसात मोजण्याची पद्धत मांडली. सडपातळ माणसात उपाशीपोटी तो १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ३ मिलिलिटर भरतो. अंगात १५ किलो चरबी धरा, दर मिनिटाला जवळपास अर्धा लिटर रक्त तिच्यातून फिरतं.

आणि हा प्रवाह दिवसभर सारखा नसतो. पहाटे उपाशीपोटी चरबी इंधन सोडत असते. जेवलो की उलटं होतं: इन्सुलिन वाढतं, सोडणं थांबतं, आणि आलेला माल आत घ्यायला रक्ताचा ओघ वाढतो, निरोगी माणसात दुपटीच्याही पुढे. मधुमेहाच्या तपासणीला ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात ना, तेवढ्यानंसुद्धा ही वाढ दिसते. लठ्ठपणात मात्र उपाशीपोटीचा प्रवाहही कमी आणि जेवणानंतरची उसळी अगदी फिकी. अशी चरबी जेवणातला स्निग्धांश नीट सामावून घेत नाही. मग तो यकृतात आणि स्नायूंत जाऊन साठतो. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट.

‘वय झालं, रक्त मंदावणारच’ हेही अर्धवट खरं. प्राण्यांवरच्या अभ्यासांत वयाबरोबर पेशी फुगतात आणि दर ग्रॅमचा प्रवाह घटतो. पण फुगलेल्या पेशी असल्या की तेवढ्याच वजनात त्यांची संख्या कमी भरते, त्यामुळे दर पेशीचा हिशेब केला तर ही घट बरीच पुसट होते. म्हणून सगळं वयावर ढकलू नये. दीर्घ वेळ चालल्यावर, सायकल चालवल्यावर चरबीतला प्रवाह वाढतो. अमरावतीत १९१४ पासून उभ्या असलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

राहिला सर्वांत घातक समज: ‘मी तर काडीसारखा, मला काय होतंय?’ पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे वजनकाट्याइतकीच मोजपट्टी लागते. कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की काडीसारख्या माणसानंही साखर तपासून घ्यावी.