कारवीचा कूड आणि भिंतीवरचे पाणी

निघोजे परिसरातील मुलांस भिंत म्हणजे वीट-सिमेंटची, अथवा कारखान्यांस असते तशी पन्हळी पत्र्याची, एवढेच बहुधा ठाऊक असते. ह्याच खेड तालुक्याच्या पश्चिमेस, भीमाशंकरच्या डोंगरभागात, महादेव कोळी व ठाकर कुटुंबे कारवीच्या कुडाची घरे पिढ्यान्‌पिढ्या बांधीत आली आहेत. घरांचे प्रकार शिकविताना आपण अशा घरास ‘कच्चे’ म्हणून एका शब्दात निकालात काढतो. डोंगरातून कामासाठी खाली आलेल्या कुटुंबाचे मूल वर्गात असेल, तर त्या एका शब्दाने त्याची मान खाली जाते. म्हणून हा पाठ जरा निराळ्या रीतीने घ्यावा, असे सुचवावेसे वाटते.

कारवी हे सह्याद्रीच्या उतारावर दाट वाढणारे झुडूप होय. त्याची काठी सरळ व हलकी असते. सात-आठ वर्षांतून एकदाच ती फुलते, बी धरते व वाळून जाते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ व २०२४ ह्या वर्षी तिचा बहर आला. पुढील बहराचे वर्ष मुलांकडूनच काढवून घ्यावे.

काठ्या उभ्या लावून त्या बांबूच्या आडव्या कामट्यांनी आवळल्या म्हणजे कूड तयार होतो. त्यावर दोन्ही अंगांनी शेण व माती यांचे लिंपण देतात. शेणातील गवताचे तंतू मातीस धरून ठेवतात, त्यामुळे तिला भेगा कमी पडतात. ही भिंत ओल शोषते आणि उघडीप मिळताच ती बाहेर टाकते. हाच तिचा गुण. हौसेने तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते व गिलावा सुटतो. तेव्हा दोष मातीस देतात, हे न्याय्य नव्हे! कूड हलका व लवचीकही असतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती व धाब्याचे जड छप्पर कोसळून.

झडीचे पाणी मात्र लिंपण धुऊन नेते. त्यावर आपल्याकडील उपाय म्हणजे उंच जोते, खाली उतरलेली वळचण आणि दरवर्षीचे नवे लिंपण. उत्तर अमेरिकेत ह्याच अडचणीवर भिंतीस लाकडी कौले ठोकतात. तेथील ज्या झाडास ‘सीडर’ म्हणतात ते आपल्या देवदाराच्या कुळातील नव्हे. पण त्याच्या लाकडात कुजण्यास विरोध करणारी द्रव्ये निसर्गतःच असतात. ओंडका रेषेबरहुकूम फोडून पातळ फळ्या काढतात व खालून वर एकीवर एक चढवीत नेतात. सोळा इंच लांबीच्या फळीचा साडेसात इंचांहून अधिक भाग उघडा ठेवीत नाहीत. का? निम्म्याहून कमी भाग उघडा राहिला, तरच भिंतीच्या प्रत्येक ठिकाणी निदान दोन थर येतात. हे गणित चौथीचे मूल आकृती काढून सहज सोडवील.

प्रयोगास खर्च नाही. तुराट्यांचे हातभर लांबी-रुंदीचे दोन कूड बांधून लिंपावेत व पुरते वाळू द्यावेत. एकावर पळसाची पाने खालच्या ओळीपासून वर, तर दुसऱ्यावर वरच्या ओळीपासून खाली अशी टाचावी. दोन्ही उभे करून तांब्याने वरून पाणी सोडावे. पाने काढून कोठली माती भिजली, ते मुलांनीच पाहावे. मग कारखान्याच्या भिंतीवरील पत्र्यांचा जोड दुरून पाहावयास सांगावे. वरचा पत्रा खालच्यावर चढलेला त्यांस आढळेल.

कारवी आणण्यासाठी मुलांस रानात धाडू नये. भीमाशंकर हे १९८५ पासून अभयारण्य आहे व तेथील झाडोरा तोडण्यास कायद्याने मनाई आहे. तुराटी न मिळाल्यास निरगुडीच्या काड्या चालतील. लिंपण वाळण्यास उन्हाचे तीन-चार दिवस हवेत, हे ध्यानी घेऊन पाठाचा दिवस ठरवावा.