गच्चीवरचा संस्थानिक

देवासला आत्याकडे दिवाळीनंतर गेलं, की सकाळचा कार्यक्रम ठरलेला. अंगाभोवती दुलई लपेटायची, गच्चीवर जायचं आणि ऊन खात बसायचं. समोर माताजीची टेकडी, हातात चहा (माझ्या हो, तुम्ही दूध प्या) आणि कठड्यावर तो!

तो म्हणजे थिरथिरा. चिमणीएवढाच पक्षी. नर वरून काजळासारखा काळा आणि पोटाशी विटकरी. मादी मातकट, पण शेपटी तिचीही विटकरी. बसल्याबसल्या आधी एक झुकून मुजरा करणार आणि मग शेपटी अशी थरथरवणार, की वाटावं बिचाऱ्याला हुडहुडी भरलीय. आत्याच्या नातीने तर त्याच्यासाठी जुना पायमोजा आणून ठेवला होता.

मोजा तसाच पडून राहिला. कारण ही थरथर थंडीची नाहीच. उन्हाळ्यात आपल्या गावी असतानाही तो अशीच शेपटी हलवतो. आणि त्याचं गाव कुठे, तर लडाख, तिबेट, मध्य आशिया! मूठभर शेंगदाण्यांपेक्षा हलका हा जीव तिथून बहुतेक रात्रीचा प्रवास करत आत्याच्या कठड्यापर्यंत येतो. ना तिकीट, ना नकाशा.

थंडीला घाबरून पळाला म्हणाल, तर फसाल. माळव्याच्या पठारावरही रात्री काही कमी गार नसतात. त्याला पळवते ती भूक. तो खातो किडे, मुंग्या, भुंगेरे. तिकडे बर्फ पडला, की किडे गायब होतात आणि ताट रिकामं. थंडीचा बंदोबस्त मात्र त्याच्या अंगावरच असतो. सकाळी तो पिसं फुलवून लिंबाएवढा गोल होतो ना, तेव्हा पिसांमध्ये हवा कोंडली जाते आणि ती अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपल्या दुलईतही खरी ऊब कापसात अडकलेल्या हवेचीच. म्हणून तर दाबून चपटी झालेली जुनी दुलई गार लागते.

आता खरी गंमत. देवासमध्ये 1948 पर्यंत दोन राजे होते! थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन्ही पवारांच्याच. गाव एक, संस्थानं दोन आणि हद्द गावाच्या मधूनच. तुम्हाला हसू येईल, पण थिरथिराही अगदी असाच वागतो. हिवाळ्यात प्रत्येकाची आपली आपली पाती. आत्याची गच्ची, शेजारचं अंगण आणि पेरूचं झाड एवढं याचं संस्थान. दुसरा थिरथिरा हद्दीत आला, की टिक-टिक ओरडत त्याच्या अंगावर धावून जातो. जोडीबिडी काही नाही, मादीसुद्धा आपलं राज्य वेगळं सांभाळते. दोन्ही पात्या केव्हाच विलीन झाल्या, याची अजून झालेली नाही.

गच्चीवरून उतरून फिरायला निघालात आणि गावाबाहेर हरभऱ्याची शेतं दिसली, तर सकाळी लवकर जा. पानांवर दव असतं. 'दव पडलं' असं आपण म्हणतो खरं, पण ते वरून पडत नाही. रात्री पानं गार होतात आणि हवेतली वाफ त्यांच्यावरच थेंब होऊन बसते. हरभऱ्यावरचं दव मात्र आंबट! पानांवरच्या बारीक केसांमधून आम्ल पाझरतं आणि दवात मिसळतं. सफरचंदाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्लही त्यात असतं. पूर्वी लोक रात्री पिकावर स्वच्छ कापड अंथरायचे आणि पहाटे ते पिळून हे आंबट पाणी, म्हणजे आंब, गोळा करायचे. पोटदुखीवर घरोघरी तिची बाटली असे. हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या बिचाऱ्या घाटेअळीला मात्र हे आम्ल मानवत नाही. तुम्हाला चव घ्यायची असेल, तर आधी शेतकरीकाकांना विचारा. फवारणी झाली असेल, तर जीभ तोंडातच ठेवा.

धारला असाल, तर मुंज तलावावर चक्कर मारा. राजा भोजाचे काका मुंज, त्यांच्या नावाचा हा तलाव. थंडगार पाण्यात बदकं तासन् तास पाय सोडून बसतात, तरी गारठत नाहीत. पायात खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला खेटून वाहतं आणि वाटेतच त्याला ऊब देऊन टाकतं. त्यामुळे पाय गार राहतात, पोट गरम राहतं.

आणि मांडूला गेलात, तर गोरखचिंच बघायचीच. मूळची ही आफ्रिकेची. या दिवसांत पानं झडून गेली, की झाड कुणीतरी उपटून उलटं रोवल्यासारखं दिसतं, मुळं वर! लांबट, मखमली फळं फांद्यांना लोंबत असतात. विकणारे त्यांना 'मांडू की इमली' म्हणतात. आतला पांढरा गर आंबट आणि पिठूळ असतो. मला फार आवडला नाही, आत्याची नात दोन फळं संपवून मोकळी झाली.

पण मांडू लांब आहे आणि गच्ची जवळ. आजच वहीत एक नकाशा काढा. तुमचा थिरथिरा कुठे कुठे बसतो, कुठून पुढे दुसऱ्याला येऊ देत नाही, ते त्यात मांडा. मार्च-एप्रिलमध्ये तो दिसेनासा झाला, की तारीख लिहा आणि वही जपून ठेवा. ऑक्टोबरात ती पुन्हा लागेल.