‘रिपोर्ट निगेटिव्ह आलाय’ म्हणजे चांगलं की वाईट? समजेल असं सांगणं हा पेशंटचा हक्कच

सातारा/सांगली : ‘तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय’ असं ऐकलं की आपल्याकडच्या कितीतरी माणसांचा चेहरा पडतो. बोलण्यात निगेटिव्ह म्हणजे वाईटच. प्रत्यक्षात बहुतेक तपासण्यांत निगेटिव्ह म्हणजे जो आजार शोधत होते तो सापडला नाही. हे एक वाक्य जास्तीचं बोललं तर माणूस निर्धास्त घरी जातो. पण ते वाक्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

ओपीडीत तासभर बसलं की फरक दिसतो. मास्तर किंवा बँकेतले साहेब अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी करून दोन प्रश्न विचारतात, तर डॉक्टर कागदावर चित्र काढून दाखवतात. मागच्या शेतमजुराला मात्र ‘गोळ्या लिहून दिल्यात, पंधरा दिवसांनी या’. बाई नवऱ्याबरोबर आली असेल तर सगळं बोलणं नवऱ्याशी, म्हातारा माणूस असेल तर मुलाशी. ज्याला दुखतंय तो मध्ये नुसता बसून.

डॉक्टरांची अडचण खोटी नाही. २०१७ साली ६७ देशांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात एका पेशंटला डॉक्टर किती वेळ देतात ते मोजलं होतं. बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, भारतात दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत काय काय सांगणार? पण ती दोन मिनिटंही सगळ्यांना सारखी मिळत नाहीत, अडचण खरी तिथं आहे.

त्यात भाषा. जतच्या पूर्व भागात, उमदी-संखकडच्या अनेक घरांत कन्नड बोललं जातं. मिरजेच्या दवाखान्यांत अथणी, रायबागकडूनही पेशंट येतात. तिथं कुणी वॉर्डबॉय किंवा मावशी कन्नड जाणणारी निघाली तर ठीक, नाहीतर मानेनं होकार आणि परत गावाकडे. कोयनेच्या बॅकवॉटरपलीकडच्या माणसाला ‘परत या’ म्हणजे लाँच, मग वडाप, आणि एक दिवसाची मजुरी गेली. काय झालंय ते पहिल्याच वेळी नीट कळलं तर ती खेप वाचते.

चिठ्ठी तर आणखी वेगळी भाषा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एचएस म्हणजे झोपताना. एसओएस म्हणजे गरज लागली तरच, आणि नेमकी तीच गोळी अनेकजण रोज घेत बसतात. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. २०१६ मध्ये वैद्यकीय परिषदेच्या नियमात बदल होऊन औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असं ठरलं. सध्या तरी बहुतेक ठिकाणी मेडिकलवाला पाकिटावर पेनानं सूर्य-चंद्र काढून देतो, त्याचाच आधार.

न समजण्याची किंमत किती मोठी असते, हे ऊसतोडीच्या बायकांनी दाखवून दिलं. गळीत सुरू झालं की बीडच्या टोळ्या कराड, वाळवा, पलूसच्या फडांत उतरतात, आपल्याच शिवारात कोप्या पडतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेल्याचं अनेकींनी सांगितलं. गोळ्यांनी भागेल का, दुसरा उपाय आहे का, अंडाशयही काढणार का, ते काढलं तर हाडांवर काय परिणाम होईल, हे किती जणींच्या कानावर पडलं असेल? अंगठा मात्र कागदावर घेतलेला.

कायदा इथं स्पष्ट आहे. दिल्लीतल्या समीरा कोहली या ४४ वर्षांच्या महिलेला १९९५ मध्ये दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असतानाच तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला : पेशंट सज्ञान आहे, जिवावर बेतलेलं नव्हतं, मग आईची संमती चालणार नाही. तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही. उपचार कशासाठी, धोका काय, दुसरा पर्याय काय, नाही केलं तर काय होईल, हे आधी सांगितलं पाहिजे. नवरा, सासू, मुलगा यांच्या सहीनं सज्ञान बाईचं काम भागवणाऱ्यांनी हा निकाल वाचावा असं आमचं मत आहे.

रुग्णहक्क सनदेतही आजाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क आहे. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी दवाखान्यांनी ही सनद दिसेल अशी लावायची आहे. पुढच्या वेळी गेलात की भिंतीवर बघा.

आत गेल्यावर लाजू नका. ‘मला काय झालंय? ही गोळी कशासाठी? ऑपरेशन नाही केलं तर काय होईल?’ एवढं विचारा. आणि निघताना म्हणा, ‘डॉक्टर, मला काय समजलं ते सांगते, चुकलं तर सांगा.’ यात अर्धा मिनिट जातो आणि गफलत तिथल्या तिथं कळते. एकट्यानं जमत नसेल तर गावातल्या आशाताईंना बरोबर न्या. पण प्रश्न पेशंटचे असू द्या, उत्तरही त्यालाच मिळू द्या.

दवाखान्यात ॲडमिट होऊन आला असाल आणि कागद हातात दिले नसतील तर साधा लेखी अर्ज करा. वैद्यकीय परिषदेच्या नियमाप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा, तिच्यावर तारखेसह पोच घ्या.