ॲक्रिलिकला भोक पाडताना

फिशटँक पाण्याने भरला की तो काचेचा आहे की ॲक्रिलिकचा, हे लांबून पटकन ओळखू येत नाही. संपकडे, म्हणजे पाणी गाळणाऱ्या वेगळ्या टाकीकडे, पाणी नेण्यासाठी भोक पाडायला घेतलं की मात्र फरक लगेच कळतो. काच मऊ पडायला पाचशे अंशांहून जास्त तापमान लागतं. ॲक्रिलिक साधारण 105 अंशांनाच मऊ होतं. शिवाय ते उष्णता काचेच्या सुमारे एक पंचमांश वेगाने वाहून नेतं, म्हणजे घर्षणाची ऊब भोकाच्या कडेलाच साठून राहते. त्यामुळे अवजार निवडताना ‘हे भोक पाडेल का?’ एवढंच विचारून भागत नाही. ते किती कमी तापवेल, हे आधी बघायला हवं.

काचेसाठीच्या हिऱ्याच्या होल सॉला दात नसतात. त्याच्या कडेवरचे कण काच घासून झिजवतात. ॲक्रिलिकचा भुसा मात्र तापून चिकट होतो आणि त्या कणांमध्ये भरतो. मग कापणं थांबतं, नुसतं घासणं उरतं. इथे हवा दात असलेला, नवा, धारदार होल सॉ. वेगाचा हिशेबही करून बघावा. मिनिटाला 3,000 फेऱ्यांवर 6 मिमीच्या बिटची कड सुमारे 57 मीटर फिरते, तर 50 मिमीच्या होल सॉचा दात तब्बल 470 मीटर. तोच होल सॉ 400 फेऱ्यांवर आणला की अंतर 63 मीटरवर येतं. म्हणून वेग कमी करता येणारं ड्रिलच घ्यावं, आणि पाणी सोडत काम करायचं असेल तर बॅटरीवर चालणारं. अवजार सारखं वर उचलून भुसा काढावा, मागे लाकडाचा ठोकळा घट्ट धरावा, अर्धं भोक एका बाजूने आणि अर्धं दुसऱ्या बाजूने पाडावं. मोठ्या भोकासाठी साचा लावून राउटर चालवला तर कड सर्वांत स्वच्छ मिळते.

हिऱ्याच्या होल सॉनेही भोक पडतंच, असं कोणी म्हणेल. भरपूर पाणी आणि सबुरी असेल तर पडतं, हे खरं. पण प्रश्न कडेचा आहे. वितळून थिजलेल्या कडेत ताण अडकून राहतो, आणि टँक निपल (भोकात बसवायचा आट्यांचा पाइपजोड) आवळल्यावर, पाण्याचा दाब सतत राहिल्यावर तिथूनच बारीक तडे फुटू शकतात. तापवलेल्या सळईने पाडलेलं भोक याच कारणाने नाकारावं, कितीही झटपट होत असलं तरी. लोखंडासाठीचं साधं बिट चालतं हा दावा लहान भोकांपुरता मान्य आहे. मात्र त्याची धार शीटमध्ये एकदम घुसते आणि पलीकडे बाहेर पडताना टवका उडवते. म्हणून धार किंचित बोथट करून घ्यावी, किंवा प्लास्टिकसाठीचं, जास्त निमुळत्या टोकाचं बिट आणावं.

भोकाचं माप ऐकीव घेऊ नये. आणलेल्या टँक निपलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजूनच होल सॉ विकत घ्यावा. कड पॉलिश पेपरने हलकेच गुळगुळीत करावी आणि साध्या पाण्याने पुसावी. स्पिरिट, थिनर, अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव यांपैकी काहीही लावू नये, कारण ताणलेल्या ॲक्रिलिकवर त्यांनीच तडे उमटतात. आणि टाकीला हात लावण्याआधी त्याच जाडीच्या उरलेल्या तुकड्यावर एक भोक पाडून बघा: भुसा सुटा, न चिकटता निघाला तरच पुढे जा.